दगड आधी, मासे मागनं

[दृश्य : बेळगाव, शहापूर. माडीवरची खोली. खिडकीपासून लांब, भिंतीलगत काचेची टाकी. पाण्यात पांढरट दगड, छोटा पंप. दुसरं काही नाही.]

निवेदन :
टाकी ६० लिटरची. पाणी खारं, पंप चालू, दिवा बंद. शेजारच्या मावशी डोकावतात नि म्हणतात, "नुसती दगडंच की रे! मासं कधी घालणार?"

लवकर नाही. खाऱ्या पाण्याच्या टाकीत सगळा कारभार दगडाच्या हातात असतो, आणि हा दगड अजून कामाला लागलेला नाही.

[दृश्य : दगडाचा तुकडा हातात. कॅमेरा भोकांवर.]

लाइव्ह रॉक म्हणतात तो मुळात प्रवाळाचा सांगाडा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. समुद्रात पडून राहिला की त्याच्या भोकाभोकांत जिवाणू, स्पंज, बारीक किडे, गुलाबी-जांभळं शैवाल बिऱ्हाड थाटतात. जिवंत म्हणायचं ते या भाडेकरूंना. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत लिहून मांडली : असे दगड टाकीत ठेवायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, बाकी फिल्टर काही नाही. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी ती आपापल्या परीनं वाढवली.

[दृश्य : चोर्ला घाटाचं वळण. खाली गोव्याकडची हिरवाई.]

मग गाडी काढावी, घाट उतरावा आणि किनाऱ्यावरून पोतंभर दगड आणावेत? चालणार नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलून आणता येत नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. आणि खरं सांगायचं तर, कायदा नसता तरी ते खडक तिथंच शोभतात.

[दृश्य : खानापूरजवळ जांभ्याची खाण. लाल धूळ.]

भोकांचा दगड म्हटला की आपल्या भागातल्या माणसाला आधी जांभा आठवतो. दिसायला अगदी तसाच. पण त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, कार्बोनेट जवळजवळ नाहीच.

[दृश्य : बशीत तीन तुकडे. ड्रॉपरनं व्हिनेगर.]

बघा. जांभ्यावर थेंब पडला, मुरला, संपलं. दुसरा तुकडा यादवाडकडचा चुनखडक, तिकडं ज्याचं सिमेंट होतं तो. थोडी फसफस आहे, पण दगड घट्ट. जिवाणूंनी राहायचं कुठं? तिसरा दुकानातला कोरडा रॉक. थेंब टेकताच चुरचुर आवाज, आणि फेस भोकातून वर येतोय. आपल्याला लागतो तो हा. जमिनीत सापडणाऱ्या प्राचीन प्रवाळखडकाचा मिळतो, नाहीतर सिमेंटात शिंपल्यांचा चुरा घालून घडवलेला. सिमेंटचा असेल तर आधी काही आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहायचं. नाहीतर टाकीचा पीएच नको तितका चढतो.

[दृश्य : रिकामी टाकी. दोन हात दगड रचताहेत.]

साधारण आठ-दहा लिटरला एक किलो. म्हणजे इथं सहा-सात किलो पुष्कळ झाले. दगड थेट काचेवर टेकवायचा आणि वाळू नंतर ओतायची. उलट केलं तर वाळू उकरणारा एखादा जीव खालून पोखरतो आणि सगळा डोलारा काचेवर येतो. मागच्या काचेपासून चार बोटं जागा सोडायची. भिंतीसारखं रचलं की मागं घाण साठते, पाणी फिरत नाही. रचून झालं की वरचा दगड बोटानं ढकलून बघायचा. हलला? काढा, फिरवा, पुन्हा बसवा. इथं घाई करणाऱ्याला पुढं ओल्या हातांनी सगळं उपसावं लागतं.

[दृश्य : बादलीत पाणी, तराजूवर मीठ.]

पाणी आरओचं. बोअरचं जड असतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन. लिटरला अंदाजे ३५ ग्रॅम समुद्री मिश्रण, आणि पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५. स्वयंपाकघरातलं मीठ नको, मिठागरातलं खडेमीठही नको. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरेसं उरलेलं नसतं.

[दृश्य : अमोनिया तपासायची परीक्षानळी. पिवळं पाणी हळूहळू हिरवं होतं.]

आता टाकीत जीव यायला हवा. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर ओली वाळू मिळाली तर उत्तम. नाहीतर बाटलीतले जिवाणू. त्यांना खायला अमोनिया, म्हणून माशांच्या खाद्याची चिमूट टाकून सडू द्यायची. नळी हिरवी झाली म्हणजे अमोनिया चढला. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या अगदी आत, जिथं ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचाही वायू करून सोडतात. म्हणून तर भोकं हवीत.

याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तच. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी पाण्यात उतरते, जिवाणू मंदावतात. हीटर २५ अंशांवर ठेवायचा. मध्येच दगडावर तपकिरी साय धरेल. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची. घासत बसू नका, बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा, कारण पाणी थांबलं की या जिवाणूंचाही श्वास कोंडतो.

[दृश्य : तीच नळी. पुन्हा पिवळी.]

अमोनिया चढल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट मात्र दिसतंय : टाकी तयार. निम्मं पाणी बदला, आधी दोन-चार गोगलगायी सोडा. मग क्लाउनफिश, तेही हॅचरीत वाढलेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास करून दाखवलेली आहे. ६० लिटरला एक जोडी. पोरं निळ्या टँग माशाचा हट्ट धरतील. तो फूटभर वाढतो, या टाकीत नको.