दहा तारखेचे हजार

[दृश्य: अंधारं स्वयंपाकघर. गॅस पेटतो. पोलपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज.]

खातं जॉइंट होतं. सगळं तिथून सुरू झालं.

काका-काकूंचं खातं लग्नानंतर उघडलेलं, पासबुकावर काकांचं नाव आधी. मार्च 2023 मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे, म्हणजे बायकांना महिना हजार रुपये देणाऱ्या योजनेचे, फॉर्म भरणं सुरू झालं, आणि काकू वॉर्डाच्या शिबिरात रांगेत उभी राहिली. आधार, समग्र आयडी (आमच्या राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), पासबुक, सगळं पिशवीत नीट लावून नेलेलं. टेबलामागच्या मुलीने पासबुक उघडून बघितलं आणि परत दिलं. "आंटी, जॉइंट नहीं चलेगा. अकेले का खाता चाहिए."

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काकूने एकटीच्या नावाचं खातं उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

10 जून 2023 ला मोबाइल वाजला. मेसेज इंग्रजीत. तिने मला फोन केला. "ए, हे क्रेडिट म्हणजे आलेत की गेलेत?"

आले होते. 1000 रुपये.

[दृश्य: मालवा मिल चौक, सकाळ. पोह्यांच्या गाडीवरची वाफ. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा डबा.]

हा इंदूरचा मिलवाला भाग. मिलची भिंत कुठे कुठे उभी आहे, भोंगा मात्र फक्त म्हाताऱ्यांच्या कानात वाजतो. इथल्या गल्ल्यांतली मराठी ऐकलीत तर पुण्याच्या माणसाला हसू येईल. आम्ही 'जेवतोय' म्हणत नाही, 'जेवून राहिलो' म्हणतो. पण भांडणं शुद्ध मराठीत होतात. त्यातलं एक भांडण मी चित्रित केलं. आमच्याच घरातलं.

तारीख 16 नोव्हेंबर 2023. दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान. दिवाळी नुकतीच झालेली, डब्यात अनारसे शिल्लक. भाऊबीज होऊन गेलेली, हे महत्त्वाचं आहे, का ते कळेलच.

तोपर्यंत हजाराचे 1250 झाले होते. सरकार भाजपचं, मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान. मुलांचे ते 'मामा', म्हणून बायकांचे 'भैया'. हळूहळू 3000 करू, असं त्यांचं म्हणणं. काँग्रेसने नारी सन्मान योजनेत महिना 1500 कबूल केले होते, गॅस सिलिंडर 500 ला, शंभर युनिट वीज माफ. काकूने तोही फॉर्म भरला होता. दोन्हीच्या पावत्या देवघरातल्या एकाच पितळी डब्यात. मला हसू आलं तर म्हणाली, "हसतेस काय? लग्नाला मुलगी दाखवतानासुद्धा एकच स्थळ बघत नाहीत."

दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, विजयनगरला राहतो. कॉम्प्युटरवाला. त्याने बसल्या बसल्या मोबाइलवर गुणाकार केला. सव्वा कोटी बायका, गुणिले साडेबाराशे. महिन्याला पंधराशे कोटींच्या वर. "हे येतात कुठून? ऋण काढून सण. आणि फेडणार कोण? मी." त्याच्या बायकोला योजना लागू नाही, घरात आयकर भरणारा असेल, वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांवर असेल, तर नाव येत नाही. दादाचा राग तेवढ्यासाठी नाही, हे मी मान्य करते. त्याला खरंच वाटतं की रस्ते, कारखाने, भरती यांचा पैसा असा वाटून संपवू नये. वाटणं हा सोपा मार्ग आहे, असं तो म्हणतो. काकूच्या डब्यावर जेवणारी, भंवरकुआंच्या क्लासेसची मुलंही हेच म्हणतात, फक्त जरा वेगळ्या कारणाने. पीएससीच्या, म्हणजे लोकसेवा आयोगाच्या, जागा निघायची वाट बघत त्यांची तिशी जवळ आली आहे. त्यांना नोकरी हवी आहे, हजार नकोत.

समोरच्या घरातले निवृत्त सर रोज संध्याकाळी येतात. त्या दिवशी ते अहिल्याबाईंपासून सुरू झाले. इंदूरच्या मराठी घरात कोणताही वाद तिसऱ्या वाक्याला होळकरांच्या राजवाड्यावर जातो, त्याला इलाज नाही. सरांचा मुद्दा मात्र ऐकण्यासारखा होता. काशीपासून रामेश्वरापर्यंत अहिल्याबाईंनी घाट बांधले, अन्नछत्रं चालवली, ती सगळी खासगीतून. दौलतीचा खजिना वेगळा, होळकरांची खासगी वेगळी. "राणीने दानासाठी सरकारी तिजोरीला हात लावला नाही. आणि हे? निवडणुकीच्या तोंडावर सरकारी पैशाने स्वतःचं नाव!"

काकूने पोळी उलटली. "खासगीत पैसे कुठून आले होते सर?"

सर थांबले. इतिहास त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लागली. म्हणजे गावं लागली. गावांचा महसूल आला. तो शेतकऱ्यानेच दिला. आज त्याच अर्थाच्या शब्दावरून आपण 'खासगी शाळा', 'खासगी दवाखाना' म्हणतो, ही आपली माझी मधलीच भर.

सर मग दुसऱ्या वाटेने आले. वि. स. पागे यांची रोजगार हमी. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने खडी फोडायला, बांध घालायला काम दिलं आणि मजुरी दिली. पुढे त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. "द्या ना पैसे. पण कामाचे द्या. फुकटाने माणूस लाचार होतो."

[दृश्य: काकूचे हात, जवळून. कणकेचे गोळे, एका ओळीत बारा. उजव्या मनगटाला गरम पट्टी.]

"मी साडेचारला उठते," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एकशेवीस पोळ्या लाटते. त्यातल्या शंभर डब्याच्या, वीस घरच्या. शंभरचे पैसे मुलं देतात. वीसचे कोण देतं?"

हे वाक्य मी नंतर एडिटिंगच्या टेबलावर कितीदा ऐकलं. काकूने घरकामाचं अर्थशास्त्र कुठे वाचलेलं नाही. तिला वीस पोळ्या मोजता येतात, बस.

दादाने 'रेवडी' हा शब्द काढला, म्हणजे मतांसाठी फुकट वाटलेली खिरापत. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी जालौनच्या सभेत वापरला तेव्हापासून तो सगळ्यांच्या तोंडी आहे. गंमत अशी की ज्याने त्याने तो दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून वापरला. स्वतःच्या ताटातली ती कल्याणकारी योजना. न्यायालयातही हे प्रकरण गेलेलं आहे, तामिळनाडूतल्या पक्षांनी फुकट देऊ म्हटलेल्या टीव्ही आणि मिक्सरवरून. 5 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जाहीरनाम्यातलं आश्वासन निवडणूक कायद्याच्या अर्थाने भ्रष्ट आचार ठरत नाही. आणि त्याच निकालात हेही म्हटलं की अशा वाटपाने निष्पक्ष निवडणुकीच्या मुळालाच धक्का बसतो. आमच्या स्वयंपाकघरातही निकाल साधारण असाच लागला.

आबा तोपर्यंत गप्प होते. आबा म्हणजे माझे आजोबा, मिलमधून बाहेर पडलेले. निवृत्त झालेले नव्हेत. मिलच बंद पडली. ते दादाला म्हणाले, "नळ सोड."

"काय?"

"उठ, नळ सोड."

दादाने सोडला. नर्मदेचं पाणी. जलूदहून येतं, 70 किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून. विजेचा खर्च एवढा की पाणीपट्टीतून तो भरून निघत नाही. 1970 मध्ये हे पाणी इंदूरला यावं म्हणून शहराने आंदोलन केलं होतं. आबा तेव्हा ऐन तरुण, मोर्च्यात होते. "हे पाणी तुझ्या विजयनगरच्या चौथ्या मजल्यावर येतं ना? त्याला तू रेवडी म्हणत नाहीस."

दादा म्हणाला, पाणी सगळ्यांना येतं, साडेबाराशे मात्र ठरावीक लोकांनाच. तोही मुद्दा खरा होता. आबांनी नळ बंद केला, कारण पाणी वाया चाललं होतं.

[दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. मिलचं फाटक, सायकलींची गर्दी.]

या घरात मतावरून भांडणं जुनी आहेत. 1962 मध्ये कामगारांचे पुढारी होमी दाजी अपक्ष उभे राहून इंदूरहून लोकसभेत गेले, तेव्हा पणजोबांनी त्यांना मत दिलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाने वर्षभर अबोला धरला. 1989 पासून सुमित्रा महाजन. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून, शहराची 'ताई'. आठ वेळा सलग निवडून आल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. आमच्या घरातल्या बायकांनी ताईंना मत दिलं आणि त्याची चर्चासुद्धा झाली नाही. काकूने हेच काढलं. "ताई आपल्या, मराठी, म्हणून दिलं. तेव्हा कुणी नाही विचारलं, विकल्या गेलात का म्हणून."

याला उत्तर कुणाकडे नव्हतं. मला वाटतं काकूच्या मनातली खरी बोच ही होती. पैसे घेण्याची तिला लाज वाटत नव्हती. भाषेवरून, जातीवरून, नवऱ्याच्या सांगण्यावरून दिलेलं मत हे मत, आणि हजारावरून दिलेलं तेवढं विकलेलं, हा हिशेब तिला पटत नव्हता. इतकी वर्षं मतदानाच्या स्लिपबरोबर मतही काकाच घरी आणून द्यायचे. त्या रात्री काकांनी विचारलं, "मग उद्या काय करून राहिली आहेस?"

"भाऊबीजेला ओवाळणी घातली म्हणून भावाचं सगळंच ऐकायचं असतं का?"

म्हणजे ऐकणार की नाही? तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

[दृश्य: शाळेतलं मतदान केंद्र, बाहेरून. शाईचं बोट.]

मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. काकू सांगते, तिने सातही सेकंद बघितली.

3 डिसेंबरला निकाल. 230 पैकी भाजप 163, काँग्रेस 66. इंदूर जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा भाजपला. टीव्हीवरचे सगळे म्हणत होते, बहनांनी जिंकवलं. हजाराने किती मतं फिरली हे मोजायचं यंत्र मात्र कुणाकडे नव्हतं. माझ्या ओळखीत पैसे घेऊन विरोधात मत देणाऱ्या बायका आहेत, आणि एक पैसा न घेता भाजपला देणाऱ्याही.

त्याच महिन्यात, 25 डिसेंबरला, आबा सकाळपासून टीव्हीसमोर बसले. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली होती. तिच्या 4800 कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाले. बत्तीस वर्षांनी. ती आबांची मिल नव्हे. त्यांना त्यातला रुपयाही येणार नव्हता. पण चष्मा पुसत त्यांनी पूर्ण कार्यक्रम पाहिला. दादा म्हणाला, "बघा, सरकारने दिले." आबा म्हणाले, "दिले नाहीत. फेडले." आणि उठून अंघोळीला गेले. स्टेज, हार, भाषण, सगळं वाटपाच्या कार्यक्रमासारखंच होतं. आबांना तेच खुपलं असावं.

2024 च्या लोकसभेत आमच्याकडे भांडायला विषयच उरला नाही. 29 एप्रिलला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, काँग्रेसने नोटा दाबा म्हणून सांगितलं, आणि इंदूरने 2,18,674 वेळा नोटा दाबला. देशातला विक्रम. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आले. मत ठरवायची सगळी मेहनत घेऊन बसलेल्या माणसांना दुकानात एकच माल दाखवावा, तसं झालं.

ऑगस्टमध्ये पुण्याहून मावशीचा फोन. आदल्या वर्षी हीच मावशी काकूला म्हणाली होती, "तुमच्याकडे बाई सरकारने बायकांना भीक लावली." आता महाराष्ट्रात 'लाडकी बहीण' आली होती, महिना 1500, आणि मावशीच्या खात्यात दोन महिन्यांचे 3000 एकदम जमा झाले होते. "अगं, हक्काचे आहेत," मावशी म्हणाली. काकूने फोन स्पीकरवर टाकून आम्हाला ऐकवलं.

महाराष्ट्रात वयाची अट 65 पर्यंत. आमच्याकडे 60. गेल्या वर्षी काकूला साठ पूर्ण झाली, आणि पैसे थांबले. वृद्धापकाळाची पेन्शन 600 रुपये, त्यालाही गरिबी रेषेचं कार्ड लागतं, ते काकूकडे नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बाकीच्या बहनांचे 1500 झाले. "साठीनंतर बहीण राहत नाही वाटतं," एवढंच ती म्हणाली. रागावली नव्हती. निदान कॅमेऱ्यासमोर तरी नाही.

दादाने त्यावर काही टोमणा मारला नाही. उलट त्यानेच तिचा अर्ज कुठे करता येईल का, हे दोन रात्री बसून शोधलं. योजनेवरचं त्याचं मत तेच आहे.

[दृश्य: स्वयंपाकघर, सकाळ. भिंतीलगत नवी दोन शेगड्यांची भट्टी. शेजारी डब्यांची रांग.]

ही मोठी भट्टी पहिल्या नऊ हप्त्यांची. आता काकू दीडशे पोळ्या लाटते. डब्यांच्या फळीवर क्यूआर कोडचा कागद चिकटवला आहे, कडेला तेलाचे डाग. त्याखाली एकटं तिचं नाव. खातं तेच, फॉर्मसाठी उघडलेलं.

फोन वाजतो. काकूचे हात कणकेत. ती वळूनही बघत नाही.

"आलेत," म्हणते.

[काळोख. लाटण्याचा आवाज चालू.]