गाळा किती मीटरचा?

(दृश्य: वरळीचं क्लीव्हलँड बंदर. पहाटे बाहेर पडणारी छोटी बोट.)

वरळी कोळीवाड्याच्या या बंदरातून खोल पाण्यात जायची वाट खडकांमधून जाते. २००९ मध्ये शेजारी सी लिंक उभा राहिला. नंतर त्याला जोडणारा, मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोस्टल रोडचा पूल थेट या वाटेवर आखला गेला.

पुलाच्या दोन खांबांमधला गाळा महापालिकेने ठरवला ६० मीटरचा. कागदावर भरपूर. पण बोट काही रुळावरून जात नाही. उधाण असलं, वारा आडवा लागला, की लाट बोटीला खांबाकडे ढकलते. त्यात समोरून दुसरी बोट आली तर नाखव्याने वळायचं कुठे? कोळ्यांनी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. ऐकेनात, तेव्हा बोटी आडव्या घालून काम अडवलं. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर कबूल केले. म्हणजे मधला एक खांब वगळला, इतकंच. काम मात्र २०१८ पासून चालू होतं. हा खांब गाळायला चार वर्षं का लागली, याचं उत्तर अभियांत्रिकीत सापडत नाही.

(दृश्य: ओहोटीचे खडक, कालवं.)

बोटींचं निदान बोलणं तरी झालं. रस्त्यासाठी समुद्रात टाकलेल्या भरावाखाली गेलेल्या खडकांवर बायका ओहोटीला कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायच्या. त्या कमाईची पावती कुणाकडे असणार? जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारपट्टी परवानगी रद्द केली होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि भराव पुन्हा सुरू झाला. त्याच किनाऱ्यावरचे प्रवाळ मात्र जपून उचलून दुसरीकडे लावले. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत त्यांचं नाव आहे. प्रवाळ वाचले याचा आनंदच आहे. कालवं काढणाऱ्या बाईसाठी तशी अनुसूची नाही.

(दृश्य: कोस्टल रोड, दुपार.)

मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. दुचाकीला बंदी, रिक्षाला बंदी. टोल नाही. खर्च तेरा हजार कोटींच्या आसपास, तोही महापालिकेच्या तिजोरीतून. म्हणजे गोवंडीत राहून लोकलने कामाला जाणाऱ्यानेही तो भरलाय.

याच महापालिकेचा उपक्रम म्हणजे बेस्ट. एकेकाळी चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारही नाहीत. थांब्यावर तासभर उभं राहणाऱ्याला हा हिशेब सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींचा टोल माफ झाला. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, वातानुकूलित बसचं बारा. महिन्याभराने, ९ जूनला, मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले.

कोस्टल रोडच्या सुरुवातीच्या योजनेत बससाठी वेगळी मार्गिका होती. रस्ता खुला झाला तेव्हा ती नव्हती.

(दृश्य: मनोरीची खाडी, तिवरं.)

पुढचा रस्ता आखलाय वर्सोव्याहून भाईंदरकडे. त्या पट्ट्यात तिवरांचं रान आहे, खाड्या आहेत आणि कोळीवाडेही. तिथल्या नाखव्यांना गाळा किती मीटरचा हवा, हे खांब उभे राहण्याआधी विचारायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.