कार्ड माहेरी पोचलं का?

[दृश्य: ग्रामीण रुग्णालयाचं प्रसूतिकक्ष. भिंतीवरचं घड्याळ. नर्सच्या हातात लशीची छोटी बाटली.]

बाळ रडलं, नाळ कापली, पुसून आईच्या छातीशी दिलं. वजन झालं, वहीत वेळ लिहिली. आता नर्स ट्रेमधली अंगठ्याएवढी काचेची बाटली उचलते. आत पांढुरकं, किंचित गढूळ पाणी दिसतंय. हेपॅटायटिस बी म्हणजे ब प्रकारच्या काविळीची ही लस. नर्स बाटली हलवते, एडी सिरिंजमध्ये, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या सिरिंजमध्ये, 0.5 मिली ओढते आणि बाळाच्या डाव्या मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या अंगाला, सुई थेट स्नायूत घालते. बाळ पुन्हा रडतं. सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं.

हा डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो, आणि जितका लवकर तितका बरा. आईच्या रक्तात हा विषाणू असेल, तर तो बहुतेक वेळा बाळंतपणातच बाळाकडे जातो, रक्तातून आणि स्रावांतून. आत शिरल्यावर त्याला यकृतात बस्तान बसवायला फार वेळ लागत नाही. लशीला त्याच्याआधी पोचायचं असतं. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जण तो पूर्ण झटकून टाकतात. जन्मताना झाला तर नव्वद टक्के बाळांत तो कायमचा राहतो, आणि त्याचा हिशेब तीस-चाळीस वर्षांनी होतो. यकृत आक्रसतं किंवा यकृताचा कॅन्सर होतो. तोवर बाळ दिसायला अगदी ठणठणीत.

[दृश्य: आयएलआरचं, म्हणजे लशी ठेवायच्या फ्रीजचं, झाकण उघडतं. जाळीच्या टोपल्यांत ठेवलेल्या बाटल्या. थर्मामीटरवर 4 अंश.]

लस मोफत आहे, रुग्णालयात आहे. तरी डोस चुकतो, आणि तो कशाने चुकतो ते पाहण्यासारखं आहे. बाळ शनिवारी रात्री जन्मतं आणि लशीच्या खोलीची किल्ली सोमवारी येते. दुसरं कारण आणखी साधं. बाटली 10 डोसची असते. एका बाळासाठी ती फोडली तर उरलेले नऊ डोस वाया जातील, या धास्तीने ‘उद्या आणखी दोन बाळंतपणं आहेत, एकदमच देऊ’ असं ठरतं. ही धास्ती बिनबुडाची आहे. हेपॅटायटिस बी च्या उघडलेल्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून ठेवली, तर ती 28 दिवस वापरता येते. अट एवढीच, की ती 2 ते 8 अंशांत राहिलेली असावी, मुदत संपलेली नसावी, रबरी बूच पाण्यात बुडालेलं नसावं आणि बाटलीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे लशीला उष्णता लागली का ते दाखवणाऱ्या खुणेचा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असावा.

उन्हापेक्षा या लशीचा मोठा शत्रू बर्फ आहे. ती गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि लशीचा जोर जातो. वितळल्यावर ती वरवर पहिल्यासारखीच दिसते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. संशय आला तर बाटली हलवून टेबलावर ठेवायची. गोठून गेलेल्या लशीत गुठळ्या तरंगतात आणि भराभर तळाशी बसतात. ती टाकून द्यायची. लस कॅरियरमध्ये नेताना आइसपॅक फ्रीजरमधून काढल्या काढल्या भरू नये. तो थोडा वेळ बाहेर ठेवायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याची डुचमळ ऐकू आली की मग भरायचा. जुन्या एएनएमताईंना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना, हे सांगावं लागत नाही. नव्यांना मात्र हे सूचना वाचून येत नाही. एकदा तो आवाज कानाने ऐकावा लागतो.

[दृश्य: एसटी स्टँड. हातात पिशवी घेतलेली सात महिन्यांची गरोदर तरुणी.]

आता थोडं मागे, गरोदरपणात जाऊ.

आईला हेपॅटायटिस बी आहे हे आधीच माहीत असेल, तर बाळाला लशीबरोबर दुसऱ्या मांडीत हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनही देतात. 0.5 मिली, शक्यतो 12 तासांच्या आत. म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, उसनी कुमक. आईच्या रक्तात विषाणूंची संख्या मिलीलिटरला 2 लाख आंतरराष्ट्रीय एककांहून जास्त निघाली, तर 28 व्या आठवड्यापासून तिला टेनोफोविर या विषाणूविरोधी औषधाची गोळी सुरू करतात. बाळंतपण होईपर्यंत विषाणू खाली आणायला तेवढे आठवडे हातात असावे लागतात. आईने दूध पाजायला काहीच हरकत नाही. ‘कावीळ आहे, दूध तोडा’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो शेजारणीइतकाच कधी कधी दवाखान्यातूनही मिळतो.

पण हे सगळं चालतं ते एका कागदावर. माता-बाल संरक्षण कार्ड. नोंदणीच्या वेळी, पहिल्या तीन महिन्यांत, हिमोग्लोबिन आणि रक्तगटासोबत एचआयव्ही, सिफिलिस आणि हेपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या व्हाव्यात आणि त्यांचे निकाल वेळेत हाती यावेत, अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी पिंपरीत, रक्त तपासलं पिंपरीत, डोहाळजेवण झालं आणि मुलगी निघाली परभणीला. साड्या आठवणीने भरल्या, डिंकाच्या लाडवांची चर्चा झाली, आणि कार्ड सासरच्या कपाटात राहिलं. बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर तोडीला गेलेल्या बाईचं तर माहेरही नाही आणि सासरही नाही, उसाच्या फडातली कोपी आहे. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते आणि उन्हाळ्यात परतते. गरोदरपणाचे मधले सगळे महिने त्यात जाऊ शकतात.

कळा सुरू झाल्यावर थेट आलेल्या, कार्ड नसलेल्या बाईची बोटाला सुई टोचून पट्टीवर चाचणी करता येते. निकाल पंधरा-वीस मिनिटांत येतो, म्हणजे बाळाआधी. ती करायचीच. पण तेव्हा जे हातात उरतं ते बाळाच्या उपचारापुरतंच. आईला आधी दिलेल्या औषधाची सर त्याला येत नाही.

[दृश्य: पांढऱ्या भुकटीची कुपी. सिरिंजमधून पाणी आत सोडलं जातं.]

सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारात हा फरक सर्वांत उघड दिसतो. औषध साधं आणि जुनं आहे, बेंझाथिन पेनिसिलिन. सुरुवातीच्या अवस्थेत 24 लाख युनिटचं एक इंजेक्शन, निम्मं एका कुल्ल्यात आणि निम्मं दुसऱ्यात. आजार कधीचा आहे ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. आईला हे बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी मिळालं तर बाळाचाही उपचार झाला असं धरतात. 20 दिवस आधी मिळालं तर धरत नाहीत, आणि मग बाळाला स्वतंत्र तपासावं लागतं, इंजेक्शनं द्यावी लागतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्या इतर रुग्णांना दुसरी औषधं चालतात, गरोदर बाईला नाही. एरिथ्रोमायसिनसारखी औषधं वारेतून बाळापर्यंत पुरेशी पोचत नाहीत.

हे इंजेक्शन देणं हाताचं काम आहे. भुकटी पाण्यात विरघळत नाही, नुसती मिसळते, आणि दोन मिनिटं ठेवली की खाली बसते. बारीक सुई घेतली तर मध्येच अडकते, अर्धा डोस सिरिंजमध्येच राहतो आणि बाईला पुन्हा टोचावं लागतं. जाड सुई घ्यायची, हलवल्यावर लगेच भरायचं, न थांबता संथपणे द्यायचं. ॲलर्जीचा झटका आला तर लागणारं ॲड्रेनॅलिन ट्रेमध्ये हाताशी हवंच. दुखतं खूप, हे आधी सांगावं. न सांगितल्यामुळे दुसऱ्या डोसला न आलेल्या बायका थोड्या नाहीत.

आणि नवरा. त्याला तेच इंजेक्शन दिलं नाही, तर तिला पुन्हा लागण होणार. बाईची तपासणी, बाईचं इंजेक्शन, बाईची बदनामी, आणि नवरा गेटबाहेर दुचाकीवर बसलेला, हे चित्र काही बदलायला तयार नाही.

एचआयव्हीचं तंत्र आता बरंच बसलं आहे. आईला रोजची गोळी, बाळाला किमान 6 आठवडे नेव्हिरापिनचं सिरप, सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब वाळवून तपासणीला. काहीच केलं नाही तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होऊ शकते. उपचार वेळेत आणि नीट झाले तर पाचांहून कमी.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. नेत्ररुग्ण बाळ. मग आजची शाळा, रांगेत उभ्या मुली.]

काही संसर्गांत तर नोंदणीच्या दिवशीसुद्धा उशीर झालेला असतो. 1941 साली सिडनीत नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं, तेव्हा बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचं निघालं. थोडा ताप, तीन दिवस अंगावर पुरळ, कानामागे गाठी. आईला काही विशेष नाही. पहिल्या 12 आठवड्यांत झाला तर नव्वद टक्क्यांपर्यंत बाळांना इजा पोचते. डोळे, कान, हृदय. विसाव्या आठवड्यानंतर हाच रुबेला सहसा काही करत नाही. डोळा आणि कान घडत असतात ते नेमके पहिल्या आठवड्यांत, बाईला आपण गरोदर आहोत हे धड कळलेलंही नसतं तेव्हा.

म्हणून इथे गरोदरपणात करण्यासारखं काही नाही. लस जिवंत विषाणूची, ती गरोदर बाईला देत नाहीत. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. गोवर-रुबेलाची मोहीम गोव्यात फेब्रुवारी 2017 मध्ये आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलामुलींसाठी. म्हणजे त्या वर्षी ज्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या, त्या मोहिमेबाहेर राहिल्या. आज पाळणा हलवणाऱ्या बऱ्याच जणी त्यांतल्या आहेत. लग्न ठरलेल्या मुलीने पत्रिकेसोबत रुबेलाचे प्रतिपिंड तपासून घेतले तर जास्त उपयोग होईल. आणि पहिल्या बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही, ही लस घेता येते.

[दृश्य: घर. आई आणि आठ दिवसांचं बाळ. आशाताई दारात चप्पल काढते, साबणाने हात धुते.]

बाळ घरी आलं. आता विषाणूंपेक्षा जिवाणूंची भीती जास्त, आणि पहिला आठवडा सर्वांत नाजूक.

नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचा कावेबाजपणा हा, की त्याला ताप येईलच असं नाही. उलट ते गार पडतं. काल जोरात ओढणारं बाळ आज स्तनाशी नुसतं तोंड लावून पडतं. सुस्त होतं, हातपाय ढिले सोडतं. घरचे म्हणतात, ‘किती शहाणं, रडतच नाही.’ आशाताईने इथेच कान टवकारायला हवेत. काखेतलं तापमान 37.5 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर, किंवा 35.5 च्या खाली, दोन्ही धोक्याची. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही, कारण या वयात श्वास मध्येच थबकतो आणि मग भराभर चालतो. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत खेचली जात असेल, बेंबीतून पू येत असेल किंवा आचके येत असतील, तर वाट बघायची नाही. वाटेत उपकेंद्र लागत असेल तर एएनएम प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन पुढे पाठवते. बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून न्यायचं. गाडीत गार पडलेलं बाळ रुग्णालयात पोचेपर्यंत आणखी खालावतं.

गावातली, जेमतेम शिकलेली बाई हे ओळखू शकते आणि उपचारही करू शकते, हे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवलं. 39 गावांतल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन काम केलं. शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज देशभर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथलं.

[दृश्य: सहाण. त्यावर उगाळलेली हळकुंडाची, मायफळाची रेघ.]

घरातली दोन कामं मात्र जंतूंना आमंत्रण देतात. एक, बेंबीला काहीतरी लावणं. हळद, तूप, पावडर, राख. नाळेचा तुकडा हवेवर कोरडा ठेवला की आठ-दहा दिवसांत आपोआप गळतो, ओला ठेवला की कुजतो. लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांधायचा, एवढंच. दुसरं, बाळगुटी. मुरडशेंग, वेखंड, जायफळ चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवा. सहाणेकडे बघा. तिच्या भोकांत कालचं सुकलेलं राहतं, वर माठातलं पाणी पडतं, आणि त्यावर फिरलेलं बोट बाळाच्या तोंडात जातं. पहिले 6 महिने बाळाला वरचं पाणीही लागत नाही. पहिला पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची रीत काही घरांत अजून आहे. त्या चमचाभर चिकात आईची प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात.

[दृश्य: बेचाळिसावा दिवस. उपकेंद्राचा ओटा, रांगेत बाळंतिणी.]

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईच्या नवजात बाळासाठीच्या भेटींतली शेवटची भेट असते, आणि लसीकरणाचा सहावा आठवडाही पूर्ण होतो. एएनएम कार्ड मागते. पहिल्या पानावर आईच्या तपासण्यांचे निकाल, वजनाचा तक्ता, खाली जन्माच्या दिवशीच्या लशी. हेपॅटायटिस बी च्या चौकटीत तारीख आहे, वेळही आहे. ती पान उलटते, कॅरियरमधून पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीची, बाटली काढते, हलवून उजेडात धरते. 0.5 मिली, डावी मांडी.