कॅरॅव्हानमधली फोडणी आणि छतावरचा अलार्म

नमस्कार श्रोतेहो. शाळांच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत आणि मेलबर्नमधली बरीच मराठी कुटुंबं गाडीला कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून निघायच्या तयारीत आहेत. कुणी ग्रेट ओशन रोडला, कुणी लेक्स एन्ट्रन्सला, कुणी मरे नदीकाठी इचूकाला. सामानात कुकर आहे, मिसळणाचा डबा आहे, पापडांची पुडी आहे. आणि आत छताला चिकटलेला एक पांढरा गोल स्मोक अलार्म आहे, ज्याचं या सगळ्याशी अजिबात पटत नाही.

पुढे काय होतं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. मोहरी तडतडते, लाल मिरचीचा ठसका उठतो आणि अलार्म बोंब ठोकतो. बाळ दचकून रडायला लागतं, शेजारच्या ऑनिंगखालून, म्हणजे कॅरॅव्हानबाहेरच्या कापडी छपराखालून, दोन माना वळतात. मग घरातलं कुणीतरी बाकावर चढतं, बॅटरी काढतं आणि ड्रॉवरमध्ये टाकतं. ‘जेवणं झाली की लावू’ म्हणतात, पण ती बॅटरी थेट घरी परतल्यावरच सापडते. म्हणजे सगळी मंडळी ज्या रात्री गॅसच्या शेगडीपासून दोन पावलांवर झोपतात, त्याच रात्री अलार्म मुका असतो. हे टाळायचं असेल तर अलार्मला गप्प करण्यापेक्षा त्याला ओरडायचं कारणच देऊ नये.

आधी हे समजून घ्या की कॅरॅव्हानमध्येच हा त्रास एवढा का. घरात अलार्म शेगडीपासून साधारण तीन मीटर लांब ठेवा असं सांगतात. कॅरॅव्हानची रुंदीच कायद्याने जास्तीत जास्त अडीच मीटर, आणि छत हात वर केला की लागतं. शेगडीपासून तीन मीटर म्हणजे कुणाच्या तरी उशीवर. घरात जो धूर स्वयंपाकघरातच विरून जातो, तो इथे काही सेकंदांत अलार्मच्या जाळीत शिरतो.

अलार्मचेही दोन प्रकार आहेत. जुन्या आयोनायझेशन प्रकारात अमेरिसियम या किरणोत्सर्गी धातूचा अगदी सूक्ष्म अंश असतो. डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्याला लगेच कळतात, त्यामुळे टोस्ट किंवा तापलेलं तेलही त्याला पुरतं. फोटोइलेक्ट्रिक प्रकारात एक छोटा दिवा आणि एक संवेदक असा कोनात बसवलेला असतो की एरवी दिव्याचा उजेड संवेदकावर पडतच नाही. धूर आत आला की उजेड विखुरतो, थोडा संवेदकावर पडतो आणि भोंगा वाजतो. फोडणीच्या घरात हा दुसरा प्रकार बरा, आणि गादी किंवा वायर धुमसत असेल तर तो लवकर ओळखतो. क्वीन्सलँडमध्ये तर 1 जुलै 2024 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या किंवा मालक बदलणाऱ्या कॅरॅव्हानमध्ये हाच प्रकार सक्तीचा आहे. तुमच्याकडे कुठला आहे ते खाली उतरवून मागच्या बाजूला वाचा. किरणोत्सर्गाची खूण दिसली तर बदलून टाका, फार खर्च नाही.

फोटोइलेक्ट्रिकला मात्र वाफ चालत नाही. कुकरची शिट्टी थेट त्याच्या खाली झाली किंवा शॉवरचं दार उघडून गरम वाफेचा लोट आला, तर तो धूर समजूनच ओरडतो. म्हणून अलार्म शेगडीच्या डोक्यावर नको, शॉवरच्या दारासमोर नको आणि एसीच्या झोतातही नको. झोपायच्या बाजूला, शेगडीपासून जमेल तितका लांब, उत्पादकाच्या पत्रकात सांगितलं असेल तसा.

आता स्वयंपाक. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. खिडकी उघडायला अलार्म वाजायची वाट पाहायची नसते. काडी ओढण्याआधी छताची हॅच, म्हणजे छतातली छोटी खिडकी, उघडायची, आणि तिचं तोंड वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवायचं, नाहीतर बाहेर गेलेला धूर वाऱ्याबरोबर परत आत. समोरची एक खिडकी थोडी किलकिली, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. रेंजहूड, म्हणजे शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा, असेल तर बाहेर जाऊन त्याची झडप पाहून या. प्रवासात ती खडखडू नये म्हणून अडकवून ठेवलेली असते, आणि तशीच राहिली तर पंखा नुसताच घुमतो. काही रेंजहूड तर हवा बाहेर टाकतच नाहीत, जाळीतून फिरवून पुन्हा आतच सोडतात. तेलकटपणा त्यात अडकतो, धूर नाही.

फोडणी मंद आचेवर. तेलातून धूर निघेपर्यंत वाट पाहायची नाही, एक मोहरी टाकून बघायची. ती तडतडली की बाकीची टाकून वर लगेच झाकण. तिखट आणि हळद गॅस बंद केल्यावर, तेलाच्या उरलेल्या उष्णतेत. चव कुठेही कमी होत नाही, हे मी पैजेवर सांगते. भाकरी करताना परातीतलं कोरडं पीठ तव्यावर सांडतं, काळं पडतं आणि धुमसत राहतं. दर भाकरीनंतर तवा फडक्याने पुसून घ्या. अलार्म भाकरीला नाही, त्या जळक्या पिठाला भितो.

पापड, भरताचं वांगं आणि सुकट मात्र बाहेरच. बऱ्याच कॅरॅव्हान पार्कांत कॅम्प किचन असतं, बार्बेक्यू असतो. सुकटीच्या वासावरून शेजारी काय म्हणतील ते तुमचं तुम्ही बघा! उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’चा, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी असलेला, दिवस असेल तर बाहेर काय पेटवता येतं ते पार्कच्या ऑफिसात आधी विचारा. आणि पाऊस आला म्हणून कोळशाचा किंवा गॅसचा बार्बेक्यू आत किंवा बंद केलेल्या ऑनिंगमध्ये आणू नका, विझत आलेला असला तरी नाही. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि स्मोक अलार्मला तो कळतही नाही. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो, तो जरूर घ्या. जमिनीलगतच्या जाळ्या गारठा येतो म्हणून बोळे कोंबून बंद करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच बाहेर जातो.

कच्च्या रस्त्यावरून आलात तर लाल धूळ अलार्मच्या जाळीतही गेलेली असते. कधी बारीक किडे आत बसतात. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा. रात्री थोड्या थोड्या वेळाने एकच ‘टिक्’ आवाज येत असेल तर आग नाही, बॅटरी संपत आली आहे. दहा वर्षं झालेला अलार्म मात्र बॅटरी बदलून चालवू नका, नवा आणा.

एवढं करूनही वाजलाच, तर आधी नजर फिरवा. खरंच काही पेटलं असेल किंवा कळतच नसेल, तर सगळ्यांनी बाहेर पडून ट्रिपल झीरोला (000) फोन. नुसती फोडणी असेल तर गॅस बंद, दार उघडं आणि अलार्मवरचं ‘हश’चं बटण दाबा. तो काही मिनिटं शांत बसतो आणि मग आपला आपण पुन्हा जागा होतो, बॅटरीला हात लावायची गरज नाही. भाड्याची कॅरॅव्हान घेणार असाल तर किल्ली हातात घेण्याआधी हे बटण कुठे आहे ते विचारा, चाचणीचं बटण त्यांच्यासमोरच दाबून बघा आणि आग विझवायची चादर (फायर ब्लँकेट) शेगडीच्या वर नाही, दाराजवळ टांगलेली आहे ना, तेही पाहून घ्या.