डबा कुठे खायचा?

(ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगांमध्ये यंदा पास झालेली मुलं-मुली दिसतायत, त्यांच्या मागे त्यांचे आईवडील आहेत आणि भिंतीलगत आमच्या तलावपाळीच्या कट्ट्यावरची मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘नव्या नोकरीची धास्ती आणि तिच्यावरचे उपाय’. उपायांकडे मी येणार आहे, काळजी नको. आधी एक करा. घरातलं कुणी नोकरीवर रुजू होणार होतं आणि आदल्या रात्री ज्यांना झोप लागली नाही, त्यांनी हात वर करा बघू. हं! मुलांपेक्षा पालकांचेच हात जास्त. त्या काकूंनी तर दोन्ही हात वर केलेत, म्हणजे दोन मुलं नोकरीला लागली असणार. अभिनंदन, काकू.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. नव्या माणसाच्या पोटात जो गोळा येतो, त्यातला मोठा भाग कामाच्या आसपासच्या अगदी बारीक गोष्टी माहीत नसल्यामुळे येतो. पाणी कुठे भरायचं, साहेबांना ‘सर’ म्हणायचं की नावाने हाक मारायची, सहा वाजले की उठायचं की सगळे उठेपर्यंत थांबायचं, आणि डबा कुठे, कुणाबरोबर खायचा. ही माहिती कुठल्याही ऑफर लेटरमध्ये नसते. ती जुन्या माणसांकडे असते आणि ती आपणहून द्यायची जबाबदारी जुन्या माणसांची आहे. नव्या मुलांना ‘आत्मविश्वास ठेवा’ असं सांगून आपण ती जबाबदारी झटकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत कुठून आलं ते सांगते. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. पुढे त्या खात्याचं एचआर झालं, टेबल तेच राहिलं. तेव्हा ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल नव्हती, ती २००४ साली आली. आम्ही कंपनीच्या बसने कळवा, विटावा करत जायचो. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की बस अडकायची आणि मागच्या सीटवर अंताक्षरी सुरू व्हायची. त्या अडकलेल्या बसमध्ये जितक्या ओळखी झाल्या तितक्या कुठल्या मीटिंगमध्ये झाल्या नाहीत. असो.

आमच्याकडे रिअ‍ॅक्टरवर एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मालवणकडचे. नवा ट्रेनी आला की टाइम ऑफिसमध्ये त्याचे कागद व्हायचे, टोकन नंबर मिळायचा, स्टोअरमधून हेल्मेट आणि सेफ्टी शूज मिळायचे आणि मग मामा त्याला ताब्यात घ्यायचे. पहिला प्रश्न, ‘खंयचो रे तू?’ गाव कुठलंही सांगा, मामांचा तिथे कुणीतरी नातेवाईक निघायचाच.

पहिला थांबा सेफ्टी शॉवर आणि डोळे धुवायची जागा. मामा स्वतः पॅडल दाबून पाणी उडवून दाखवायचे. डोळ्यात काही उडालं तर विचार करत बसायचं नाही, डोळे मिटून इथवर यायचं आणि पंधरा मिनिटं धुवायचे. मग खरोखर त्या पोराला डोळे मिटून तिथपर्यंत चालायला लावायचे. पोरगा ठेचकाळायचा, आजूबाजूचे हसायचे, तोही हसायचा, आणि त्या हसण्यात अर्धी भीती गेलेली असायची. मग लॉकर, मग थंड पाण्याचा नळ कुठला आणि गरम कुठला. शिफ्ट इन्चार्ज लॉगबुक लिहीत असताना काही विचारायचं नाही, पेन खाली ठेवलं की काहीही विचारायचं. मग कॅन्टीन. कुपन आधी, ताट नंतर. ह्या बाकावर मेंटेनन्सवाले बसतात, पण तू आलास की सरकतील. आणि मामा त्याला त्याच बाकावर बसवून स्वतः शेजारी जेवायचे. दुपारच्या चहाला एकच विचारणा, ‘आज काय काय कळला नाय, ता सांग.’ ‘सगळं कळलं’ हे उत्तर मामांना चालायचं नाही. निदान एक तरी गोष्ट सांगावीच लागायची. सांगितलं नाही तर चहा नाही!

तुम्ही हसताय, पण त्या एका प्रश्नात किती शहाणपण होतं बघा. न कळणं ही पहिल्या दिवसाची रीतच आहे, हे त्या पोराच्या मनावर ठसायचं. पुढे वर्षभर तो बेधडक विचारायचा. केमिकल कारखान्यात न विचारणारा माणूस केवढा धोक्याचा असतो, हे त्या पट्ट्यात काम केलेल्यांना मी सांगायला नको.

पुढे वरचे साहेब बदलले. नव्या मंडळींना सगळं पद्धतशीर हवं होतं. एक हॉल झाला, प्रोजेक्टर आला. नव्या मुलांना सकाळपासून बसवून कंपनीचा इतिहास, संचालकांचे फोटो, उद्दिष्टं, धोरणं. शेवटी फॉर्मवर सही, ‘मला सर्व माहिती देण्यात आली आहे.’ आणि मामांची फेरी बंद. कारण काय, तर अनुभवी ऑपरेटर एक अख्खा दिवस मशीनपासून लांब राहतो, ते परवडत नाही. मी माझ्या परीने भांडले. मला सांगण्यात आलं की भावनिक होऊ नका.

त्यानंतरच्या तुकडीत मुरबाडकडचा एक मुलगा होता. आयटीआय केलेला, हुशार, ट्रेड टेस्टमध्ये पहिल्या काहींमध्ये. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, चौथ्या दिवशीही नाही. आठवड्याने त्याचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहिले. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. त्यांनी ते सोडलं, आत कंपनीचे सेफ्टी शूज. घासून पुसून, नाड्या गुंडाळून आत ठेवलेल्या. ‘बाई, वस्तू तुमची आहे, परत घ्या,’ म्हणाले. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, काय झालं? कुणी बोललं का त्याला? नाही. काम जड वाटलं? नाही हो, कामाचं तर कौतुक सांगत होता. बराच वेळ गेला आणि मग ते खाली बघत म्हणाले, ‘तो जेवायला सायकल स्टँडजवळ बसायचा. म्हणतो, आत सगळ्यांच्या जागा ठरलेल्या हायेत.’

मंडळी, कॅन्टीनमध्ये दीडशे माणसांची सोय होती. त्याला कुणी अडवलं नव्हतं, कुणी या म्हटलंही नव्हतं. आणि त्यावरून त्या पोराने ठरवलं की ही जागा आपल्यासारख्यांची नाही. सही केलेला फॉर्म माझ्या फाइलमध्ये होता, ‘मला सर्व माहिती देण्यात आली आहे.’ मला आजही त्या गोष्टीचा राग येतो.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे जुन्या कारखान्यांचं झालं. तिथे आता काचेच्या इमारती आहेत. बरं, आमच्या सोसायटीतली एक मुलगी ऐरोलीला आयटीत लागली. गळ्यात कार्ड, दार आपोआप उघडतं, फूडकोर्टमध्ये दहा प्रकारचं जेवण. पहिला आठवडाभर ती दुपारी आईला फोन करायची. आईला वाटायचं, लेकीला किती आठवण येते! ती जिन्यात बसून डबा खात होती आणि एकटी दिसू नये म्हणून कानाला फोन. लॉगिन मिळालेलं नाही, शेजारचे दोघे हेडफोन लावून, मॅनेजर बंगळुरूला. आता सांगा, सायकल स्टँड आणि जिना यांत फरक काय? तिला शेवटी कुणी बोलावलं माहितीये? हाउसकीपिंगच्या मावशींनी. ‘इथं पायरीवर काय बसता, वर गच्चीकडं बाकडी आहेत की, तुमच्याच पोरी बसतात तिथं.’ त्या मावशी म्हणजे आमच्या मामाच.

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. म्हणजे मला आता धावावं लागणार. पत्रिकेतला विषय बुडवला असं व्हायला नको.

तर, छाती धडधडते ती का? वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली पुस्तक लिहून मांडलं की भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्त स्नायूंकडे जातं. लढायची किंवा पळायची तयारी. शरीर बिघडलेलं नाही, ते कामाला लागलंय, एवढं लक्षात ठेवा.

त्याच्याही आधी, १९०८ साली, यर्क्स आणि डॉडसन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. चुकीच्या दारात शिरलं की विजेचा झटका. सोपी निवड होती तेव्हा झटका जोराचा असला तरी उंदीर शिकत गेले. निवड अवघड केली तेव्हा जोराच्या झटक्याने त्यांचं शिकणं मंदावलं, बेताच्या झटक्याला ते चांगले शिकले. माझ्या मुद्द्याला हे फार जवळचं आहे. नव्या जागी साधं झेरॉक्स काढणंही अवघड काम असतं, कारण कशाचीच सवय नसते. भीती हुकमाने कमी होत नाही. पण आजूबाजूच्या गोष्टी आधीच सोप्या करून ठेवता येतात.

म्हणून करायचं काय? रुजू व्हायच्या आधी एकदा कामाच्या वारी, कामाच्याच वेळेला ऑफिसपर्यंत जाऊन या. रविवारी नको, रविवारची गाडी आणि सोमवारची गाडी यांत फार अंतर आहे. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मची सकाळ एकदा बघून ठेवा. आणि वाशीला जाणाऱ्यांनो, इंडिकेटर वाचा. तुर्भ्यानंतर फाटा फुटतो. पनवेल गाडीत बसलात तर सानपाड्याऐवजी जुईनगर येतं, आणि पहिल्याच दिवशी जुईनगरला उतरून उलटं यायचं म्हणजे घामाघूम. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप कॉफी नको. कॅफिनने धडधड वाढते आणि तुम्हाला वाटतं भीतीच वाढली. लिफ्टपाशी थांबलात की श्वास सावकाश सोडा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. नाडी जरा उतरते.

‘सगळे माझ्याकडेच बघतायत’ हे वाटणं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा, एका गायकाचा फोटो छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या जणांच्या तरी लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं. तेव्हा शर्टावर चहाचा डाग पडला तर पडू दे.

अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, आयोजक रागावले तरी चालेल. विवेकनिष्ठ मानसोपचार काढणारा हा माणूस एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. त्याने ठरवलं, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. शंभर जणींशी बोलला. भेटायला कबूल किती झाल्या? एक. आणि तीही आली नाही! पण भीती गेली, कारण शंभर वेळा जे होईल म्हणून घाबरत होता ते झालंच नाही. पोरांनो, तलावपाळीवर हा प्रयोग करू नका हं, मार खाल. ऑफिसात करा. रोज एका अनोळखी माणसाला एक साधा प्रश्न. ‘इथे चहा कुठे चांगला मिळतो?’ इथून सुरुवात करा. कामाचं न कळलेलं वहीत लिहा आणि दिवसातून एकदा एकाच माणसाला एकत्र विचारा, म्हणजे त्यालाही बरं पडतं.

शेवटचं, आणि हे घाईत असलं तरी नीट ऐका. महिना-दीड महिना झाला, तरी झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी गाडीत चढताना दरदरून घाम येतो, नको ते विचार येतात, तर ती नुसती नव्या नोकरीची धास्ती राहिलेली नाही. तेव्हा मदत घ्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करतेय. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्रात ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ असं हसत म्हटलं जातं. त्या थट्टेपायी किती जण डॉक्टरकडे जायचं टाळतात! निदान आपण ठाणेकरांनी तरी ती करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि मागे बसलेल्या, नोकरी करणाऱ्या मंडळींना. उद्या तुमच्या खात्यात कुणी नवा येणार असेल तर साडेबाराला उठून त्याच्या टेबलापाशी जा आणि म्हणा, ‘चला, जेवायला.’ त्याने डबा आणला नसेल तर तुमच्यातलं द्या. एचआरवाल्यांनो, पहिल्या दिवसाच्या वेळापत्रकात अकरा ते एक धोरणांचं सादरीकरण ठेवता ना, त्यातला अर्धा तास काढा आणि एका जुन्या माणसाबरोबर त्याला सगळा मजला फिरवा.

वेळ संपला, मला दिसतंय. ज्यांना या महिन्यात रुजू व्हायचंय त्यांनी जाऊ नका, पुढे या. कुठल्या कंपनीत, कुठल्या स्टेशनला, काय काम, ते मला सांगा. त्या पट्ट्यात आमची बरीच जुनी माणसं अजून आहेत. कुणीतरी नक्की निघेल तुमच्या ओळखीचं.