बेड्या कोणाच्या हाती?

दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाजवळचा हा वॉटरक्लूफ लष्करी विमानतळ. १५ जून २०१५ रोजी सुदानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांचे विमान येथून उडाले, तेव्हा त्यांना देश सोडू देऊ नये, असा तेथील उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश लागू होता. त्याहून जुना हुकूम नेदरलँड्समधील हेगचा होता : सुदानच्या दारफूर प्रांतातील अत्याचारांबद्दल तेथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००९ मध्येच बशीर यांच्या अटकेचे वॉरंट काढले होते, आणि सदस्य देश या नात्याने ते बजावणे दक्षिण आफ्रिकेवर बंधनकारक होते.

हे न्यायालय ज्या रोम करारावर उभे आहे, त्याच्या २७व्या कलमानुसार राष्ट्रप्रमुखपदाची ढाल आरोपीला पुढे करता येत नाही. १९९८ मध्ये १२० देशांनी या कराराच्या बाजूने मत दिले. न्यायालयाला स्वतःचे पोलीस दल मात्र मिळाले नाही. आरोपीला पकडून आणण्याचे काम सदस्य देशांकडेच राहिले, म्हणजे ज्यांच्या सार्वभौमत्वाला लगाम घालायचा, त्यांच्याच हाती बेड्या देण्यात आल्या. सुरक्षा परिषदेकडे दाद मागावी, तर तेथे नकाराधिकार असलेल्या पाचांपैकी अमेरिका, रशिया आणि चीन या न्यायालयाचे सदस्यच नाहीत. सीरियाचे प्रकरण हेगकडे सोपवण्याचा ठराव २०१४ मध्ये रशिया आणि चीन यांनी नकाराधिकार वापरून हाणून पाडला.

मार्च २०२३ मध्ये व्लादिमीर पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट निघाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते मंगोलियाला गेले, तेव्हा या सदस्य देशाने त्यांना अटक करण्याऐवजी मानवंदना दिली. मंगोलियाला दोष देणे सोपे आहे. पण रशिया आणि चीन यांच्या मधोमध वसलेला, इंधनासाठी रशियावर विसंबलेला हा देश पुतिन यांना बेड्या घालील, अशी अपेक्षा कोणी खरोखरच केली होती का?

अटका होतच नाहीत, असे नव्हे. आरोपीची खुर्ची गेली आणि त्याला सोपवणे त्याच्याच देशातील नव्या सत्तेच्या सोयीचे ठरले, की वॉरंटला अचानक बळ येते. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये हेगला नेण्यात आले, तेव्हा त्यांना पद सोडून अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि सत्तेवरील मार्कोस घराण्याशी त्यांच्या घराण्याचे बिनसले होते. सर्बियाचे माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच यांना २००१ मध्ये युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले, तेही सत्ता गेल्यावर, आणि मदत देणाऱ्या राष्ट्रांच्या परिषदेच्या नेमके आदल्या दिवशी.

बशीर यांची सत्ता २०१९ मध्ये उलथली. त्यांना अटकही झाली, पण सुदानमध्ये आणि सुदानच्याच कायद्याखाली. हेगला मात्र त्यांना अद्याप सोपवण्यात आलेले नाही.