कॅथलीनची केट होते तेव्हा

(दृश्य : आयर्लंडमधली काउंटी क्लेअर. पावसात भिजलेली कुरणं, मागे लॉख डर्ग सरोवराचं पाणी.)

इथल्या टूमग्रेनी गावात १९३० साली लेखिका एडना ओब्रायन जन्मल्या. पुढे लंडनला गेल्यावर अवघ्या तीन आठवड्यांत त्यांनी ‘द कंट्री गर्ल्स’ ही कादंबरी लिहून काढली. १९६० साली ती प्रसिद्ध झाली आणि आयर्लंडमध्ये तिच्यावर बंदी आली. सेन्सॉर मंडळ पाच जणांचं. तिघांनी होकार दिला आणि विरोधात एकाहून जास्त मत नसलं, की बंदी. हुकूम राजपत्रात छापला, की पुस्तक दुकानात ठेवणंही गुन्हा. खेड्यातल्या मुलीने स्वतःच्या मनातली ओढ स्वतःच्या तोंडाने सांगितली, एवढंच त्यात होतं.

(दृश्य : एकावर एक ठेवलेल्या जुन्या प्रती.)

ही तीन भागांची मालिका आहे. दुसरा भाग ‘द लोनली गर्ल’, १९६२ चा. १९६४ च्या चित्रपटानंतर तोच ‘गर्ल विथ ग्रीन आइज’ या नावानेही निघाला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत शोधताना एकच कादंबरी दोनदा विकत घेतली जाते. तिसरा, ‘गर्ल्स इन देअर मॅरिड ब्लिस’, १९६४ चा. १९८६ च्या एकत्रित आवृत्तीला नवं उपसंहाराचं प्रकरण जोडलं आहे. सुट्ट्या जुन्या प्रतींत ते मिळणार नाही, म्हणून एकत्रित आवृत्तीच घ्यावी.

आणि क्रमानेच वाचावी. पहिल्या दोन भागांत ‘मी’ म्हणजे कॅथलीन. तिची मैत्रीण बाबा (हे ब्रिजेटचं लाडाचं नाव, आपल्याकडचे ‘बाबा’ नव्हेत) आपल्याला तिच्याच नजरेतून दिसते : आगाऊ, दमदाटी करणारी, तरीही जिच्यावाचून करमत नाही अशी. दुसऱ्या भागात प्रियकर यूजीन कॅथलीनची ‘केट’ करतो. तिसऱ्यात बाबा स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागते आणि केटची प्रकरणं ‘ती’मध्ये जातात. दोन पुस्तकं जिचं मन आतून ऐकलं, ती अचानक लांबची होते. थेट तिसरा भाग उघडणाऱ्याला हा धक्का जाणवतच नाही. त्याला केट नुसती रडकी वाटते.

(दृश्य : लंडन, वॉटर्लू स्टेशन.)

पहिल्या भागात कॅथलीनची आई बुडून जाते. उपसंहारात केटही बुडालेली असते. या फलाटावर तिच्या शवपेटीची वाट पाहत बाबा उभी आहे, आणि बोलते आहे ती एकटीच.